मिनिएचर प्रिंट करायच्यात, तर फाइल कुणाच्या घ्याव्यात?

प्रश्न थोडक्यात असा: पहिलाच रेझिन प्रिंटर (द्रव रेझिन प्रकाशाने थराथराने घट्ट करून वस्तू घडवणारा) घेतला आहे, चार-पाच मित्रांची डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या कथाखेळाची मोहीम सुरू व्हायची आहे, कथेत मेलेल्यांचा एक राजा आणि त्याची सांगाड्यांची फौज आहे. दर महिन्याला मूर्तींच्या फाइली देणाऱ्या शिल्पकारांची मासिक वर्गणी भरायची तर एकाच, फार तर दोघांची. कुणाची भरावी? आणि फुकटच्या फाइलींवर भागणार नाही का?

उत्तर आधी देऊन टाकतो. नायक आणि रोजचे शत्रू यांच्यासाठी आर्टिझन गिल्ड. खलनायक आणि अंगावर येणारे राक्षस यांच्यासाठी आर्चव्हिलन गेम्स. सांगाड्यांच्या फौजेसाठी वर्गणी भरूच नका. हायलँड्स मिनिएचर्स किंवा लॉस्ट किंग्डम मिनिएचर्स यांचा एखादा जुना संच एकदाच विकत घ्या. कोळी, उंदीर, अस्वलं, दलदलीतले जीव असलं सटरफटर सगळं एमझेड४२५० या नावाने काम करणाऱ्या शिल्पकाराकडून फुकट. एवढ्यावर तुमची मोहीम आरामात चालेल. पण ही निवड कशावरून केली ते कळल्याशिवाय पुढची नावं तुम्हाला स्वतः निवडता येणार नाहीत, म्हणून जरा लांबण लावतो.

विक्रीच्या पानावर जे चित्र दिसतं ते बहुतेक वेळा रेंडर असतं. म्हणजे संगणकावरचं शिल्प, उत्तम प्रकाशात, पडदाभर मोठं करून दाखवलेलं. तुमच्या टेबलावर येणारी मूर्ती असते ३२ मिमीची. तिचं डोकं जेमतेम ४ ते ५ मिमी उंच. ०.०५ मिमीच्या थराने प्रिंट केलं तर त्या अख्ख्या चेहऱ्याच्या वाट्याला ८० ते १०० थर येतात, आणि त्यावर प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या लेपाचा, एक हात बसतो. रेंडरमध्ये दिसणारी त्वचेवरची छिद्रं, कापडाची वीण, दाढीतला एकेक केस यातलं काही उरत नाही. उरतात ते भुवईखालची खोल सावली, नाकाचा कणा, गालाचं हाड, आणि शिल्पकाराने हे सगळं मुद्दाम वाढवून कोरलं असेल तर चेहऱ्यावरचा भाव.

प्रमाणाचं गणितही असंच. माणसाची उंची ३२ मिमीवर आणायची म्हणजे सगळं साधारण ५३ पट लहान करायचं. खऱ्या तलवारीचं पातं ५ मिमी जाड धरलं तर ते ०.१ मिमी होईल. असं पातं प्रिंट झालंच तर सपोर्ट, म्हणजे प्रिंट होताना मूर्तीला धरणारे तात्पुरते आधार, काढताना जाईल. त्यामुळे जाणता शिल्पकार पातं जवळजवळ १ मिमी जाड करतो, भाल्याचा दांडा दुप्पट करतो, बोटं जाड करतो, आणि तरीही मूर्ती बेढब दिसू देत नाही. खरी कारागिरी इथे आहे. चित्रपटासाठी किंवा व्हिडिओ गेमसाठी शिल्प करणारे अनेक जण या क्षेत्रात आले. त्यांच्या मूर्ती पडद्यावर देखण्या असतात, पण काहींना ही खोटी जाडी द्यायला फार काळ लागतो. रेझिन खर्ची घालण्यापूर्वी एवढं बघा: त्यांच्या पानावर प्रिंट केलेल्या, शक्यतो न रंगवलेल्या मूर्तीचे फोटो आहेत का? नसतील तर तिथल्या फुकट नमुन्यापासून सुरुवात करा. जवळपास प्रत्येक चांगला स्टुडिओ एखादी फाइल नमुन्यादाखल देतो.

आता प्रिंटरबद्दल एक वाक्य, कारण हा गैरसमज फार आहे. सुरुवातीच्या स्वस्त रेझिन प्रिंटरांचा पिक्सेल सुमारे ५० मायक्रॉनचा होता, ४के आले तेव्हा ३५ च्या आसपास उतरला, लहान पडद्याच्या ८के यंत्रांत २२ पर्यंत. ३५ च्या खाली गेल्यावर मूर्ती चांगली निघते की नाही हे मशीनपेक्षा शिल्पावर आणि सपोर्टवर जास्त ठरतं. तेव्हा मोठा आकडा असलेला प्रिंटर घ्यावा का या चिंतेत असाल तर ते पैसे फाइलींवर घाला.

आर्टिझन गिल्ड मला का आवडतो? त्यांच्या मूर्तीला लांबून ओळख आहे. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसालाही कळतं की हा धनुर्धारी आहे, ती जादूगार आहे, आणि तो बुटका कुऱ्हाड उगारून धावतोय. दर महिन्याला ते एक जमात किंवा टोळी घेतात आणि त्यात नायक, साधे सैनिक, एखादं मोठं जनावर, कधी अर्धपुतळा असं सगळं देतात. मोहीम चालवणाऱ्याला हे फार सोयीचं. गोब्लिनांच्या गुहेचा भाग आला की एकाच हाताने घडवलेले, एकाच चवीचे दहा-बारा गोब्लिन मिळतात. चार ठिकाणांहून गोळा केले की कुणाचं डोकं मोठं, कुणाचे पाय बारीक, आणि टेबलावर जत्रा दिसते. त्यांच्या मूर्तीत खोलगट भाग खरंच खोल आणि उंचवटे खरंच उंच असतात. नवशिक्याने एक वॉश (खोलगट भागांत उतरणारा पातळ रंग) मारला आणि कोरड्या ब्रशने कडा उजळल्या तरी काम झालं. सपोर्ट लावून दिलेल्या फाइली सहसा पहिल्या फटक्यात निघतात. माझी तक्रार एकच: सगळेच जण कसे छाती काढून उभे. भेदरलेला शेतकरी किंवा दमलेला म्हातारा पुजारी हवा असेल तर तो इथे शोधू नका.

आर्चव्हिलन गेम्स याच्या अगदी उलट टोकाला. तिथे शिंगांना शिंगं फुटतात, झग्यातून हात येतात, हातातून साप. प्रत्येक मासिक संचामागे एक कथा असते, आणि राक्षसांचे खेळासाठीचे आकडेही दिलेले असतात. तुमच्या मेलेल्या राजासाठी मी इथेच बघेन. मोहिमेच्या शेवटच्या लढाईत जी मूर्ती टेबलावर ठेवल्यावर चार लोक क्षणभर गप्प बसले पाहिजेत, ती घडवण्यात या लोकांचा हात धरणारे थोडे. पण दोन गोष्टी समजून घ्या. एक, मूर्ती बऱ्याच तुकड्यांत येतात. तुकडे जुळवणं, सांधे भरणं, घासणं याला एक संध्याकाळ लागते. दोन, पसारा. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पटावर मध्यम आकाराच्या जीवाला एक इंचाचा, म्हणजे २५ मिमीचा चौकोन मिळतो. मोठ्याला ५० मिमी, त्याहून मोठ्याला ७५, आणि अजस्राला १००. ज्याचा बैठा तळ ५० मिमीचा आणि पंख मात्र ११० मिमीचे, तो शेजारच्या चौकोनातल्या नायकांना ढकलत बसतो. म्हणून त्यांच्याकडून खलनायक घ्या, प्यादी घेऊ नका.

फौजेकडे वळू, कारण तुमच्या प्रश्नात खरी गंमत तिथे आहे. २०१५ मध्ये गेम्स वर्कशॉप या कंपनीने आपला जुना वॉरहॅमर फँटसी बॅटल हा रांगांचा खेळ गुंडाळला आणि एज ऑफ सिग्मार आणला. जुन्या खेळावर जीव असलेली मंडळी चौकोनी तळांच्या मूर्ती शोधत राहिली, आणि त्या गरजेवर काही डिजिटल शिल्पकार वाढले. २०२४ च्या जानेवारीत द ओल्ड वर्ल्ड या नावाने तो खेळ परतला, तोवर स्पेनमधल्या हायलँड्स आणि लॉस्ट किंग्डम यांच्यासारख्यांकडे फौजांच्या फौजा तयार होत्या. हायलँड्सकडे गालिया नावाचं शूरवीरांचं राज्य आहे, व्हॅम्पायरांची एक फौज आहे. वाळवंटातल्या थडग्यांतून उठलेले सांगाडे दोघांकडेही मिळतील.

रांगेत उभं राहायला घडवलेली मूर्ती तुमच्या खेळालाही का चालते, तर ती आवरून उभी असते. शेजाऱ्याच्या डोळ्यात भाला जाऊ नये म्हणून हात अंगाजवळ, ढाल पुढ्यात, शस्त्र उभं. पटावर शेजारशेजारच्या चौकोनांत असे आठ सांगाडे ठेवले तरी एकमेकांत अडकत नाहीत. शिवाय सांगाडा ही प्रिंट करायला सगळ्यात नाजूक चीज: पिंढरीचं हाड काडीएवढं, त्यावर सगळा भार. फौजेसाठी शिल्प करणाऱ्याला ठाऊक असतं की ग्राहक यातले चाळीस प्रिंट करणार आणि डब्यात भरून नेणार. म्हणून तो नडगीला पट्टी गुंडाळतो, मागे फाटकं कापड सोडतो जे खाली तळाला टेकतं, ढाल मांडीला चिकटवतो. हे आधार नजरेत भरत नाहीत, पण मूर्ती टिकते ती त्यांच्यामुळे.

आणि रेझिन प्रिंटरवर फौज काढणं वाटतं तेवढं वेळखाऊ नाही. अख्खा थर एकदमच उजळतो, त्यामुळे वेळ ठरतो तो उंचीवर; थाळीवर एक मूर्ती असो की दहा, फरक पडत नाही. तिरकी ठेवलेली, सपोर्टसह ४५ मिमी उंच झालेली मूर्ती म्हणजे ०.०५ मिमीचे ९०० थर. थराला ८ सेकंद धरले तर २ तास. एका सांगाड्याला २ तास आणि थाळी भरून सांगाड्यांनाही २ तासच. त्यामुळे थाळी नेहमी भरून लावा. रेझिन मात्र मऊसर घ्या. एबीएस-सदृश म्हणून जे मिळतं ते, किंवा साध्या रेझिनमध्ये थोडं लवचिक रेझिन मिसळून. पाण्याने धुता येणारी रेझिनं सोयीची वाटतात, पण त्यांतली बरीचशी ठिसूळ असतात आणि सांगाड्यांच्या मनगटांवर त्याचा पहिला वार होतो. त्यांचं धुवण मोरीत ओतायचं नसतं, तेही ध्यानात ठेवा. हातमोजे आणि हवा खेळती ठेवणं याबद्दल तुम्ही वाचलंच असेल.

मोहीम पुढे खऱ्या रणांगणाकडे गेली, दोन फौजा समोरासमोर आल्या, तर वन पेज रूल्स बघा. नियमांची मूळ आवृत्ती फुकट आहे, दोन-चार पानांत मावते, आणि मूर्ती कुणाच्याही चालतात; त्यांच्या स्वतःच्या मूर्तीही साध्या, स्वच्छ, भरभर निघणाऱ्या. शेकड्यांनी सैनिक हवे असतील तर फॉरेस्ट ड्रॅगनच्या १० मिमीच्या फौजा आहेत. करंगळीच्या नखाएवढे सैनिक, पण रंगवल्यावर फौज फौजेसारखी दिसते. तुम्हाला आत्ता त्यांची गरज नाही.

आता फुकटचं. मिगेल झावाला, म्हणजेच एमझेड४२५०, याचं ऋण या छंदातल्या प्रत्येकावर आहे. राक्षसांच्या अधिकृत कोशातला जवळपास प्रत्येक जीव त्याने घडवला आणि फुकट वाटला. ज्यांना द्यायचे ते पैसे देतात, फाइली सगळ्यांना खुल्या. त्याच्याही आधी, थिंगिव्हर्स या फाइली वाटण्याच्या संकेतस्थळाच्या सुरुवातीच्या वर्षांत, डचमोगल नावाने काम करणाऱ्या आर्यन क्रॉफ्टने छोटे, गुटगुटीत, कमी सपोर्टात निघणारे सैनिक आणि भुयारं खुली करून ही वाट पाडली होती. एमझेड४२५० चं शिल्प साधं असतं. कपड्याच्या घड्या थोड्या, चेहरे ढोबळ, काही ठिकाणी पाय किंवा शेपटी अगदी बारीक. पण मोहिमेच्या मध्यात अचानक सहा पाणघोडे लागले, किंवा कुणी तरी कोशाच्या शेवटच्या पानांवरचा विचित्र जीव बोलावला, तर इतर कुणाकडे तो नसतो आणि याच्याकडे असतो.

अट अशी की सपोर्ट बहुतेक वेळा तुमचे तुम्हाला लावावे लागतात. माझ्या मते नवख्याने पहिल्या महिन्यात तेच करावं. स्लायसरला, म्हणजे फाइलीचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरला, आपोआप सपोर्ट लावायला सांगा, मग थर एकेक सरकवत खालून वर जा आणि हवेत अधांतरी सुरू होणारा प्रत्येक ठिपका शोधा: हनुवटीचं टोक, कोपर, लोंबणारी थैली, तलवारीचं अणकुचीदार टोक. आपोआप लागलेले सपोर्ट यातले काही हमखास चुकवतात. मूर्ती थोडी मागे झुकवा, म्हणजे सपोर्टचे डाग पाठीवर आणि झग्याच्या आतल्या बाजूला पडतात, चेहरा स्वच्छ राहतो. हे काम दहा-बारा फाइलींवर केलं की दुसऱ्याने लावून दिलेले सपोर्ट चांगले की वाईट हे एका नजरेत कळायला लागतं. मग तुम्ही एखाद्या शिल्पकाराची वर्गणी भरताना त्याचं रेंडर न बघता आधी सपोर्ट लावलेली फाइल उघडाल. मी तेच करतो. मूर्तीच्या नाकाला सपोर्ट टेकवणारा स्टुडिओ दिसला की पान बंद.

आणखी काही नावं, पटापट. लूट स्टुडिओज ब्राझीलचे. महिन्याचा संच एका कल्पनेभोवती, ३२ आणि ७५ मिमी अशा दोन मापांत. ज्यांना खेळण्यापेक्षा रंगवण्याची हौस जास्त, त्यांनी इथे जावं. पण ७५ मिमीची मूर्ती दिसायला सव्वादोन पटींहून थोडी मोठी, रेझिन मात्र जवळपास १३ पट खाते, कारण आकारमान तिन्ही बाजूंनी वाढतं. अशी मूर्ती आतून पोकळ करा आणि खाली रेझिन वाहून जायला भोकं ठेवा, नाहीतर आत अडकलेलं कच्चं रेझिन काही आठवड्यांनी तडे पाडतं. पोलंडचे टायटन फोर्ज जुने, कसलेले. हात-डोकी बदलता येणारे सैनिक त्यांच्याकडे चांगले. बेस्टियारम मिनिएचर्स अगदी काळेकुट्ट: गंजलेली चिलखतं, शिवलेली तोंडं, कुबड आलेले संन्यासी. तुमची कथा हसतखेळत चालणारी नसेल, तर तुमच्या राजाचे दरबारी मी इथून घेईन. आर्टिझन गिल्डच्या नायकांशेजारी ते विसंगत दिसतील. दरबार वेगळा दिसला तर कथेला बाधा येत नाही, उलट बरंच.

फिलामेंटचा, म्हणजे प्लास्टिकची तार वितळवणारा, प्रिंटर असलेल्यांसाठीही दोन शब्द, कारण हा प्रश्न वाचणाऱ्यांत तेही असणार. ०.२ मिमीचं नोझल आणि ०.०८ च्या आसपासचा थर ठेवला तर खेळण्याजोग्या मूर्ती निघतात, पण रेझिनसाठी घडवलेली फाइल त्यावर टाकू नका. ब्राइट मिनीज यांच्या मूर्ती मुळात फिलामेंटसाठी घडवलेल्या आहेत. हात पोटाशी, झगा जमिनीपर्यंत, उतार असे की सपोर्ट लागू नये. रेझिनवाल्यांना त्या ठोकळ्यासारख्या वाटतात, पण तीच त्यांची हुशारी. भिंती, जमिनी, पूल, पडकी देवळं मात्र फिलामेंटवरच काढावीत, रेझिन असलं तरी. फॅट ड्रॅगन गेम्स आधी कागदी भुयारं करायचे, आता सपोर्टशिवाय निघणारी. न्यूझीलंडच्या प्रिंटेबल सीनरीची ओपनलॉक ही चापांनी जोडायची पद्धत इतकी रुळली की इतर अनेक जण तीच वापरतात.

खेळाडूंच्या स्वतःच्या पात्रांसाठी हिरो फोर्जचा पर्याय आहेच. २०१४ मध्ये लोकवर्गणीतून उभं राहिलेलं हे संकेतस्थळ. ब्राउझरमध्ये वंश, कपडे, शस्त्र, उभं राहण्याची ढब निवडायची आणि एसटीएल, म्हणजे प्रिंट करायची फाइल, विकत घ्यायची. एखाद्या खेळाडूला डाव्या खांद्यावर घुबड, उजव्या हातात कढई आणि कपाळावर शिंग असंच हवं असतं. अशा माणसाशी वाद घालण्यापेक्षा त्याला हिरो फोर्जची लिंक द्या. शिल्प म्हणून ते निर्जीव असतं, कारण तुकडे जोडून बनवलेलं शरीर एका हाताने घडवलेल्या शरीरासारखं तोल सांभाळत नाही. खेळाडूला त्याचं काही नसतं. त्याला त्याचं घुबड मिळालेलं असतं.

शोधताना एक अडचण येईल. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमांचा जो भाग खुला आहे, आणि जो २०२३ च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली आला, त्यात सगळे राक्षस नाहीत. अनेक डोळ्यांचा तरंगता गोळा किंवा मेंदू खाणारा सोंडाळ चेहऱ्याचा जीव हे प्रकाशकाने स्वतःकडे राखून ठेवलेत. म्हणून पैसे घेऊन विकणारे शिल्पकार त्यांना दुसरीच नावं देतात, आणि मूळ नावाने शोधलं तर काहीच हाती लागत नाही. वर्णनाने शोधा: डोळे, जुलमी, मेंदू असल्या शब्दांच्या इंग्रजी रूपांनी. तुमचं नशीब बरं आहे, कारण मेलेल्यांची दुनिया सगळ्यांच्या मालकीची. सांगाडे, झोंबी, व्हॅम्पायर, लिच (मेल्यावरही वावरणारा जादूगार) ही नावं कुणीही वापरू शकतो, त्यामुळे तुमच्या राजाचे उमेदवार शेकड्यांनी सापडतील.

वर्गणीचं व्यवहारज्ञान. पेट्रिऑन असो की मायमिनीफॅक्टरीवरच्या ट्राइब्ज, या वर्गणीच्या संकेतस्थळांची पद्धत साधारण सारखी: ज्या महिन्याची वर्गणी भरली त्या महिन्याचा संच तुमचा, वर नव्याने येणाऱ्याला एक स्वागताचा संच. मागचे महिने दुकानात सुटे, आणि सुटे घेतले तर बरेच महाग. बहुतेक शिल्पकार पुढच्या महिन्यात काय येणार हे आधी दाखवतात. ते बघून भरा, नको असेल त्या महिन्यात थांबवा. कुणी रागावत नाही. स्वागताचा संच आणि चालू महिना मिळून एका माणसाच्या दोन महिन्यांच्या प्रिंटिंगला पुरतो, आणि रंगवण्याचा वेग धरला तर सहा महिन्यांच्या. दोन वर्गण्या एकदम सुरू ठेवल्या की फाइलींचा ढीग साचतो आणि थाळीवर काहीच लागत नाही, म्हणून आर्टिझन गिल्ड आणि आर्चव्हिलन आलटून पालटून घ्या. घेतलेल्या फाइली त्याच आठवड्यात उतरवून दोन ठिकाणी ठेवा.

सध्या आणखी एका गोष्टीवर नजर ठेवावी लागते, ती म्हणजे यंत्राने बनवलेली शिल्पं. मजकूर दिला की त्रिमितीय आकार देणारी साधनं आली आहेत आणि त्यांचा माल नव्या नव्या नावांनी विकायला येतो. ओळखायला फार कठीण नाही. पट्टा खांद्यावरून निघतो आणि पाठीवर कुठेच पोहोचत नाही. बकल वितळलेलं. बोटं मुठीत विरघळलेली, म्हणजे तलवार हातात धरलेली नसून हातातून उगवलेली. पुढून नक्षीदार आणि मागून सपाट. शिल्पकाराचं काम चालू असतानाचे फोटो, अर्धवट मूर्ती, फसलेल्या ढबी काहीच दाखवलेलं नाही, आणि महिन्याला शंभर मूर्ती बाहेर पडतायत, असं दिसलं तर सोडून द्या. नैतिक वाद बाजूला ठेवला तरी असल्या मूर्ती रंगवताना ब्रश कुठे थांबवायचा तेच कळत नाही, कारण एक वस्तू कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे घडवणाऱ्याला माहीतच नव्हतं.

याच कारणाने स्टुडिओच्या नावामागचा हात शोधायची सवय लावून घ्या. बऱ्याच स्टुडिओंत चार-पाच शिल्पकार असतात आणि चांगले स्टुडिओ प्रत्येक मूर्तीखाली कुणी घडवली ते लिहितात. एखाद्या महिन्याचा संच फार आवडला आणि पुढचा फिका वाटला, तर बहुधा हात बदललेला असतो. आवडलेल्या शिल्पकाराचं नाव टिपून ठेवा. तो उद्या दुसऱ्या स्टुडिओत किंवा स्वतःच्या नावाने दिसेल.

राहिला परवाना. साध्या वर्गणीत मिळतो तो घरगुती वापराचा हक्क: स्वतःच्या टेबलासाठी हव्या तेवढ्या प्रती काढा. प्रिंट विकायच्या असतील तर व्यापारी वर्गणी वेगळी, आणि ती बहुतेक ठिकाणी चालू असेपर्यंतच विकता येतं. वर्गणी थांबली की दुकानातून मूर्ती उतरवायच्या. अटी प्रत्येकाच्या निराळ्या, म्हणून फाइलीसोबत येणारा परवाना एकदा उघडून वाचा. तुमच्या टेबलावरचा एखादा खेळाडू सांगाडे बघून म्हणेल, मला पण फाइल पाठव, माझ्या प्रिंटरवर काढतो. त्याला तुमच्याकडच्या चार मूर्ती द्यायच्या असतील तर आधी परवान्यात भेट चालते का बघा आणि मग द्या. फाइल मात्र पाठवू नका, शिल्पकाराच्या पानाचा पत्ता द्या.